शेवटची ओळ वगळून

२ सप्टेंबर

एकोणिसाव्या गाण्याची शेवटची ओळही काढून टाकली. आता बावीस राहिली. काम अवघड नाही. ओळ निवडायची, पुसायची, तिच्या जागी तीन टिंबं द्यायची. प्रबंधाचं चौथं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवताना माझे मार्गदर्शक श्रीशैल सर यांनी समासात लिहिलं होतं, 'हे नुसतं संकलन आहे. सिद्धान्त कुठे?' त्याला हे उत्तर.

आमच्या वस्तीतल्या गाण्यांत शेवटच्या ओळीला करणाऱ्याचं नाव येतं. आधी गाव, मग नाव, मग सांगणं. जयंतीचं गाणं असो, लग्नातलं असो, पाळण्याचं असो. लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. प्रबंधाला मात्र ती ओळ अडचणीची आहे. संहिता स्वायत्त असते. लिहिणारा माणूस तिच्या बाहेरचा. गाणं करून झालं की तो संपला.

कमलनगरच्या कॉलेजात अतिथी व्याख्याता म्हणून नववं वर्ष. पुढच्या जूनपासून पीएच.डी. नसलेल्यांना घेणार नाहीत, असं प्राचार्य परवा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून म्हणाले.

७ सप्टेंबर

संतपूरला गेलो होतो. पारूआत्याकडे चहा घेतला. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. कागदावर पार्वतीबाई, वय पासष्ट, शेतमजूर. माझ्या एकेचाळीस गाण्यांपैकी सव्वीस तिच्याकडून मिळालेली आहेत.

तिची पुतणी पंचशीला बिदरहून आली होती. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आमच्याच वस्तीतला व्यंकट निळा झब्बा घालून सोयाबीनच्या रानात उभा राहून 'पाटी'चं गाणं म्हणतोय. खाली लिहिलंय, गीत व गायन : व्यंकट. चार लाख लोकांनी बघितलंय.

"हे आत्याचं गानं हाय," पंचशीला म्हणाली. "उदगीरच्या च्यानलवाल्याला म्या दोनदा फोन केला. त्यो म्हनतो, ताई, कुनी बी म्हनंल माझं हाय. लेखी काय असंल तर आना, नाव बदलतो."

"लेखी म्हंजे तुझं बुक," आत्या म्हणाली. "गुलबर्ग्याच्या इद्यापिठाचं. त्येच्यापुढं कोन बोलतंय? कवा छापायलास?"

"छापत न्हाईत आत्या. जमा करतेत. लायब्ररीत ठिवतेत."

"कुलपात?"

"कपाटात."

"माझं नाव हाय न्हवं त्येच्यात?"

"हाय की."

हे खोटं नाही. माहितीदात्यांच्या यादीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावर आहे.

"व्यंकटला म्याच शिकिवलं ते गानं," ती म्हणाली. "चार रोज लागले. त्येला चाल धरायची न्हाई. आता बघ कसा हात करायलाय, जसा काय त्येच्या आईनं पाटी दिल्ती."

ती हसली. राग दिसला नाही. तिला वाटतं काम झालेलंच आहे.

१५ सप्टेंबर

कलबुर्गी, म्हणजे आत्याचं गुलबर्गा. सरांच्या घरी दोन तास. त्यांना 'पाटी'चं गाणं वाचून दाखवलं. इथे उतरवून ठेवतो, कारण सगळा युक्तिवाद याच्यावर उभा आहे.

परकराच्या ओच्यामधी झाकून नेली पाटी
बाभळीच्या मागं बसून धरली पेन्सिल हाती
गिरवला म्या पयला अ, कुनी पायानं पुसला अ
पुसल्या जागी बसून म्या पुन्हा काढला अ
संतपूरची पारू सांगे, हाये माझा असला अ

व्यंकटच्या गाण्यात शेवटी 'संतपूरचा व्यंकट सांगे' येतं. मेहकरला एका लग्नात ऐकलं, तिथे शेवटची ओळच नव्हती. पारू, चार मात्रा. व्यंकट, चार मात्रा. नाव बदललं तरी ठेका हलत नाही. नाव काढलं तरी गाणं थांबत नाही. म्हणजे नाव ही रिकामी जागा आहे, कुणीही तिथे बसावं. तीन पाठ, तीन पुरावे. सरांना हे फार आवडलं.

"नोडप्पा, बघ सुगत," ते म्हणाले, "हे परदेशातल्या लोकांना आत्ता कळलं. आमच्या वचनं रचणाऱ्या शरण संतांना आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. वचनाच्या शेवटी काय येतं? देवाचं नाव. करणाऱ्याचं येत नाही. मी केलं असं म्हणायचंच नाही."

"पण सर, आमच्यात करणाऱ्याचंच येतं."

"म्हणून तर तू ते काढतोयस. बरोबर करतोयस."

त्यांच्या आईनं धपाटे वाढले. सर जेवताना मोबाईलला हात लावत नाहीत, कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत. भालकीला त्यांच्या घरचं कापडाचं दुकान आहे. पाटीवर आजोबांचं नाव, खाली वडिलांचं, त्याखाली 'अँड सन्स'.

परतताना बसमध्ये मनाशी कबूल केलं ते असं. लेखक मेला असं सांगणारं मूळ फ्रेंच मी वाचलेलं नाही. इंग्रजी अर्धं वाचलं. हिंदीतलं एक परीक्षेचं पुस्तक पूर्ण वाचलं. मराठीत सरांची टिपणं आहेत. प्रत्येक ठिकाणी ते थोडं सोपं होत गेलंय आणि थोडं पक्कं. हिंदीत पोचेपर्यंत ते दहा गुणांचं उत्तर झालं होतं. कुणाशी भांडून लिहिलेलं असावं, असा वास इंग्रजीपर्यंत येतो. नंतर येत नाही.

३ ऑक्टोबर

सोयाबीनची काढणी. वर्गात चार मुलं. 'पाटी'च्या गाण्याला एक तळटीप लिहिली आहे : व्यंकट पुरुष असूनही 'परकराच्या ओच्यामधी' असंच गातो, हा शब्द त्यानं बदललेला नाही, यावरून मूळ रचना बाईची असावी.

तळटीप ठेवावी की काढावी ठरत नाही.

२१ नोव्हेंबर

सरांनी चौथं प्रकरण मान्य केलं. तळटीप त्यांनीच सोडवली. म्हणाले, खाली कशाला लपवलीस, मजकुरात घे. पुरुषाच्या तोंडी परकर येतो आणि ऐकणाऱ्या चार लाखांतल्या एकालाही खटकत नाही. याचा अर्थ बोलणाऱ्याला देह नाही. बाई नाही, पुरुष नाही. नुसता आवाज.

इतकं साधं मला दिसलं नव्हतं. पान एकशे बारावर घेतलं. शेवटचं वाक्य माझं : 'यावरून या गीताला कर्ता नाही, हे सिद्ध होते.'

पंचशीलाचा फोन आला होता. घेतला नाही. प्रकरण चालू होतं.

५ जानेवारी

आज जे झालं ते शांतपणे लिहायचं ठरवलंय.

कॉलेजच्या वाचनालयात एक कन्नड नियतकालिक आलं. त्यात सरांचा लेख. मी कन्नड सावकाश वाचतो, तरी दुसऱ्या पानावरच कळलं. तीन पाठ, चार मात्रा, रिकामी जागा, परकर, देह नसलेला आवाज. सगळं आहे. 'पाटी'चं गाणं कन्नडमध्ये केलंय, शेवटची ओळ वगळून. बाभळ आहे, पेन्सिल आहे. पाय ज्याचा होता तो 'कुणी' मात्र नाही. कन्नडमध्ये अ वाऱ्यानं पुसला जातो. मग सरांनी लिहिलंय की सीमेवरच्या या अनाम स्त्रिया वचनांचाच वारसा नकळत चालवतात. नाव टाकून देणं हीच त्यांची साधना.

माझं नाव कुठे आहे ते शोधलं. पहिल्या पानावर नाही. तळटिपांत नाही. शेवटी एका ओळीत आहे : 'सामग्री गोळा करण्यास एका विद्यार्थ्याने मदत केली.' एका विद्यार्थ्याने. मी अडतीस वर्षांचा आहे. मेहकरच्या त्या लग्नात मी जेवण सोडून पाच तास उभा होतो. मात्रा मी मोजल्या. परकर मी ऐकला. हे चोरीपेक्षा वाईट आहे, कारण चोर निदान माल कुणाचा आहे हे जाणतो.

मासिक परत ठेवलं. शिपायानं विचारलं, सर, बरं न्हाई का? म्हटलं, पित्त.

६ जानेवारी

सरांना फोन केला. शब्द आधी कागदावर लिहून घेतले होते. त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत.

"सुगत, विचार कुणाचा असतो का? तुझ्या चौथ्या प्रकरणात तूच लिहिलंस."

"ते गाण्यांबद्दल आहे सर."

"मग लेखाला वेगळा नियम?"

त्यांनी विचारलं, प्रबंध एकतीसला देतोयस ना. त्यांची सही अजून व्हायची आहे. म्हटलं, हो सर.

१२ जानेवारी

झोप नीट नाही. तिकडे, जिथे हा विचार निघाला, तिथे लेखक फार मोठा झाला असणार. पुतळे, पाठ्यपुस्तकं, घरावर दगडी पाटी. मग कुणाला तरी वाटलं, याला खाली ओढा. ते कळतं. सरांकडे पोचेपर्यंत ते ओढणं राहिलं नाही, त्याग झाला. ज्याच्या नावाची पाटी तीन पिढ्या बाजारात लटकते आहे, त्याला नाव टाकून देता येतं आणि ते शोभतंही.

माझ्या आजोबांचं नाव पाटलाच्या वहीत नव्हतं. 'वेशीवरचा' एवढं होतं. वडील सांगायचे की छपन्नच्या धर्मांतरानंतर वस्तीत लोकांनी आधी भिंतींवर नावं लिहिली. चुन्यानं, कोळशानं. घर पडकं असलं तरी नाव होतं. गाण्यांच्या शेवटी नाव यायला लागलं ते तेव्हापासून, असं पारूआत्याच्या आईनं मला सांगितलेलं रेकॉर्ड आहे. फाईल अठ्ठावीस.

म्हणजे तोच विचार आमच्या वस्तीत आला की तो...

हे प्रबंधात घातलं तर चौथं प्रकरण मुळापासून बदलावं लागेल. मुदत एकतीस तारखेला. सर सही करणार नाहीत. नंतर कधीतरी स्वतंत्र लेख करता येईल. माझ्या नावानं.

३१ जानेवारी

प्रबंध दिला. पाच प्रती. काळं कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. बाइंडिंगवाल्यानं माझं नाव लहान ठेवलं होतं. परत करून घेतलं.

९ फेब्रुवारी

ज्वारीत पाखरं राखायला आत्या रानात होती, तिथेच गाठलं. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख आली की कळवायला सांगितलं तिनं. उघडी असते, कुणीही बसू शकतं, हे पंचशीलानं तिला सांगितलंय.

"तुमी कशाला तरास घेता आत्या, लांब पडतंय. सगळं विंग्रजी-कानडी चालतंय तिथं."

"माझं नाव वाचून दाखवतेल तवा म्या नगं का तिथं?"

"नाव वाचत न्हाईत."

"मंग काय वाचतेत?"

"निष्कर्ष."

तिनं गोफण फिरवली. पाखरं उठली आणि शेजारच्या रानात बसली. "येते म्या," ती म्हणाली. "ह्या वयात गुलबर्गा बघू दे की मला. तुज्या खांद्यावर न्हाई यायले, बसनं यायले."

१८ मार्च

पहाटेच्या बसनं तिघं गेलो. आत्यानं पांढरं लुगडं नेसलं होतं, जयंतीला नेसते ते. पंचशीलानं रजा काढली होती. सभागृहात त्या दोघी मागच्या रांगेत बसल्या. पुढे विभागातले लोक, बाहेरून आलेले परीक्षक, अध्यक्ष, सर.

वीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो. पडद्यावर 'पाटी'चं गाणं आलं. चार ओळी आणि तीन टिंबं. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं दिली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे? हे रीतीप्रमाणे विचारतात. कुणी विचारत नाही.

पारूआत्या उभी राहिली. कुणीतरी माईक नेऊन दिला. तिला माईक नवा नाही, नीट धरला.

"सुगत, ते गानं दावलास, त्येची शेवटची ओळ कुठं हाय?"

"आत्या, ती परिशिष्टात हाय. पाठभेदांमधी."

"म्हंजे कुठं?"

"मागं."

"आन् माझं नाव?"

"ते बी मागं. माहिती देणाऱ्यांच्या यादीत."

"म्या काय माहिती दिली? म्या गानं केलं."

पुढच्या रांगेत कुणीतरी वळून बघितलं. सर उठले. ते आदरानंच बोलले, हात जोडून. "अक्का, हे फार मोठं आहे. शरणांनी नाव सोडलं. तुम्ही पण सोडलंत. मोठ्या मनाच्या माणसालाच हे जमतं."

"म्या कवा सोडलं?"

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते. परीक्षक म्हणाले, प्रबंधाची जिवंत साक्षच समोर आली. टाळ्या सुरू झाल्या. आत्या अजून उभीच होती. माईक कुणीतरी घेतला होता, तरी तिचा आवाज खणखणीत आहे. म्हणाली, "मंग त्या उदगीरवाल्याला काय दावू?"

मी ऐकलं. टाळ्या चालू होत्या.

अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली. शाल मला, श्रीफळ मला. मग सरांना सुचलं म्हणून एक शाल आत्याला. पुकारणाऱ्यानं म्हटलं, 'आता एका लोककलावंत महिलेचा सत्कार.' तिनं खांदे पुढे केले नाहीत. शाल हातावर ठेवली गेली.

परतीच्या बसमध्येही तिघं होतो. बिदरला पंचशीला उतरली. उतरण्याआधी माझ्याकडे वळली.

"दादा, करनारा मरतोय म्हनलाव न्हवं? मंग बुकावर सोन्याच्या अक्षरात कुनाचं नाव हाय? का तेवढा एक जिता ठिवलाव?"

पंचशीलाला विषय कळलेला नाही. गाण्याची रचना आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगायला वेळ नव्हता, कंडक्टर घाई करत होता.

पुढे आत्या खिडकीतून बघत राहिली. मधेच म्हणाली, "तुझा बाप असता तर लई खूश झाला असता." मी बरं म्हटलं. संतपूरला ती उतरली. शाल सीटवर राहिली होती. हाक मारली. तिला ऐकू गेलं नसावं.

डॉक्टर झालो. हे वाक्य लिहायचं म्हणून नऊ वर्षं वाट बघितली. लिहून बघितलं. आता झोपतो.

१९ मार्च

सकाळी आठला व्यंकट खोलीवर आला. पेढे आणले होते, पाया पडायला लागला, मी अडवलं. उदगीरच्या च्यानलवाल्यानं त्याच्याकडेही लेखी मागितलं आहे. प्रबंधातली एकशे बारा ते एकशे पंधरा ही पानं त्याला हवी होती, ज्यात ते गाणं पार्वतीबाईचं नाही असं लिहिलंय. मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही, कुणाचंच नाही असं लिहिलंय. तो म्हणाला, "तेच की सर. तेवढं बास हाय." कॉलेजसमोर झेरॉक्स काढून दिली. प्रत्येक पानावर सही पाहिजे म्हणाला, म्हणून चार सह्या केल्या. खाली नाव लिहिलं. नावाआधी डॉ. लिहिलं, पहिल्यांदाच.